काळ्या फियाटची उजवी बाजू

करीम,

तुझ्या मय्यतीला जमलेली माणसं बघून माझ्या मनात पहिलं काय आलं, ते आधी सांगून टाकतो. दुःख नंतर आलं. पहिला आला तो हेवा. माजरीचे कोळशाचे ठेकेदार, डॉक्टर, वकील, जीपवाले, पठाणपुऱ्याची निम्मी वस्ती, आणि वडशाहून खास आलेले राईस मिलचे सेठजी. एवढे सगळे एका गाडी घासणाऱ्यासाठी! खांदा देताना मी मान वळवून मागे बघत होतो आणि विचार करत होतो, आपल्या वेळी किती येतील? मेलास तू, आणि तिथंही मला मागे टाकलंस.

आता तू म्हणशील, "अबे देवा, आतातरी सोड." नाही सोडत. पंधरा-सोळा वर्षं जळलो तुझ्यावर, ते आठ दिवसांत विझेल का?

आपण दोघं एकाच गॅरेजात शिकलो. तू चंद्रपूरचाच, कल्हईवाल्याचा पोरगा. मी सावली गावाकडच्या ढीवराचा, तळ्यावर जाळं टाकणाऱ्या घरातला. पुढं दोघांनी आपापली दुकानं टाकली, एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. तुझ्या हातची चमक कोणी वाखाणली की मी म्हणायचो, "त्याच्या बापाचा धंदाच चमकवायचा होता, त्याच्या रक्तात आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं मी तुझं कौतुक करतोय. मी खरं तर तुझी मेहनत खोडत होतो.

सगळ्यात जास्त राग कशाचा होता सांगू? पाण्याचा. माझा जन्म पाण्यात गेला, आणि पाणी मला तू शिकवलंस. आपल्या गावात सकाळी गाडीवर कोळशाची बारीक पूड बसलेली असते. मालक काय करतो? खांद्यावरचा दुपट्टा काढतो आणि झटक-झटक पुसतो. गाडी स्वच्छ झाली म्हणून खूश होतो. चंद्रपुरातली कुठलीही काळी गाडी उन्हात उभी करा, अंगभर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं. ती सगळी त्या कोरड्या दुपट्ट्याची करणी. मीही तसाच पुसायचो. तू एकदा माझा हात धरलास.

"काऊन घासून राह्यला बे? पानी टाक. वरून टाक, हळू टाक. धूळ आपल्या पायानं खाली गेली पायजे."

मग तू टपावरून मगाने पाणी सोडत राहिलास. अर्धा तास. हात लावला नाहीस गाडीला. मी मनात म्हणालो, याला कामाचा आळस आहे. पाणी ओघळून गेल्यावर तू साधी पन्नी हातात घातलीस, पिशवीच असते तशी, आणि तळवा बॉनेटवरून फिरवलास. "आता तू करून पाय." मी पन्नी घालून हात फिरवला. उघड्या हाताला काच वाटत होती ती गाडी पन्नीतून वाळूसारखी लागली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. एवढी साधी गोष्ट मला का सुचली नाही?

तुझी फडकी मऊ असायची. भाभीच्या जुन्या ओढण्या, शिवण कापून टाकलेल्या, कारण शिवणीचा दोराही काळ्या रंगावर ओरखडा काढतो. मीही घरच्या लुगड्यांचे काठ कापले. बायको म्हणाली, "करीमभाऊनं विहिरीत उडी मारली त तुमी बी मारसान." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, कारण तिचं खरं होतं.

पण तुझ्या मागे मागे किती दिवस चालणार? म्हणून मी नागपूरहून मशीन आणली. गरगर फिरणारी, लोकरीची टोपी बसवलेली बफ मशीन. आपल्या रस्त्यावर पहिली. आणि सोनाराकडून लाल पुडी आणून तिचा लेप मी स्वतः कालवला. त्यानं रंगाला खोली येते असं मला वाटायचं, आणि ते तुझ्याकडून शिकलेलं नव्हतं हा त्याचा मोठा गुण. तू मात्र तुझं पांढरं पॉलिश घेऊन हातानंच गोल गोल फिरवत बसायचास. आपलं भांडण तिथंच सुरू झालं. मी म्हणायचो, हाताला दोन दिवस लागतात ते मशीन दोन तासांत करते. तू म्हणायचास, "मशीनले समजत नाई कुठी थांबावं. धारेवर रंग पातळ राह्यते. धारेवर टेप लावत जा, मंगच मशीन लाव." दर वेळी हेच सांगायचास. मी दर वेळी मान हलवायचो आणि टेप लावत नव्हतो. टेप लावणं म्हणजे तुझं ऐकणं.

मग ती काळी फियाट आली.

वडशाच्या सेठजींच्या वडिलांच्या वेळची गाडी. नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यांना ती तिथं मिरवायची होती. त्यांनी आपल्या दोघांनाही निरोप धाडला. थंडीचे दिवस होते, वडशात नाटक कंपन्यांचे फलक लागलेले, लाउडस्पीकर फिरत होते. आपण दोघं एकाच गाडीनं गेलो. रस्ताभर तू शेंगदाणे सोलून मला देत होतास आणि मी घेत होतो, तेवढं वैर मला जमत नव्हतं.

सेठजी गमत्या माणूस. मिलच्या शेडमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तुमी दोघं बी मोठे कारागीर. मंग असं करू. उजवी बाजू करीमची, डावी देवाजीची. जो जिंकन तो समोरच्या सीटवर बसून नागपूरले येईन, अन् गाडीजवळ उभा राहीन." त्यांनी पोती शिवायची सुतळी मागवली, गाडीच्या मधोमध बांधायला. तू लगेच आडवा झालास. "सुतळी नको सेठजी, काळ्या रंगावर ओरखडे पडतीन." आणि स्वतःच्या मफलरची लोकर उसवून तो दोरा नाकापासून डिकीपर्यंत ताणलास. बॉनेटच्या मधल्या धारेवरून दोरा बरोबर गेला. मला वाटलं, बघा, सुरुवातीलाच सेठजींसमोर शहाणपण दाखवलं.

दोन दिवस घासलं आपण. मिलचा कोंडा उडून यायचा म्हणून तू जमिनीवर पाणी शिंपडायचास, माझ्याही बाजूला. माझी मशीन घरघरत होती, तू फडकं बोटाला गुंडाळून इंच-इंच जात होतास. पहिल्या दिवशी मी पुढे होतो. बघणारे हमाल माझ्याच बाजूला उभे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू नमाजाला गेलास आणि मी तुझी बाजू बघायला गेलो. जायला नको होतं. शेडच्या वरच्या पत्र्याची एकेक पन्हळ तुझ्या बॉनेटमध्ये सरळ उतरली होती. छपरात चिमणीचं घरटं होतं, त्यातल्या काड्या दिसत होत्या. मी माझ्या बाजूला आलो. पत्रा माझ्याही बाजूत दिसत होता, पण जरासा हलल्यासारखा, तळ्यात दगड पडून गेल्यावर दिसतो तसा. परक्याला तो फरक कळला नसता. मला कळला.

मी मशीन उचलली. लेप जास्त घेतला, दाब जास्त दिला आणि पार दोऱ्यापर्यंत गेलो, धारेवर. टेप नव्हतीच. रंग जळल्याचा वास आला. मशीन उचलली तेव्हा धारेच्या डाव्या अंगाला चिंचोक्याएवढा राखाडी डाग होता. काळा रंग गेला, खालचं अस्तर उघडं पडलं.

मी घाईघाईनं लेप पुसला. डाग कसा पुसणार? तेवढ्यात तू आलास, टोपी खिशात घालत. डाग बघितलास. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता म्हणशील, टेप लाव म्हटलं होतं ना. तू नुसतं डागावरून बोट फिरवलंस. मागोमाग सेठजी आले, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कोनं केलं?"

"माझ्या हातानं झालं, सेठजी," तू म्हणालास. "दोरा ओलांडला म्या. ध्यान नाई राह्यलं."

सेठजींनी एकदा गाडीच्या काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "त मंग देवाजी जिंकला."

"हो जी. जिंकला."

आणि मी काय केलं? मशीनची वायर गुंडाळत बसलो. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, सगळी गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

तू डाग भरायला बसलास. काडीपेटीच्या काडीनं काळ्या रंगाचा एक थेंब, तो वाळला की दुसरा. पेन्सिलीच्या मागच्या रबराला पाणकागदाचा, म्हणजे भिजवून वापरायच्या बारीक पॉलिशपेपरचा, तुकडा चिकटवून तेवढाच डाग घासलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाही तो शोधावा लागला. मी समोरच्या सीटवर बसून नागपूरला गेलो. तू एसटीनं चंद्रपूरला.

नागपूरची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी गाडीच्या डाव्या बाजूला उभा होतो, आणि लोक सगळे उजवीकडे. एकानं तर तुझ्या दारात बघून भांग पाडला. एक बाई लिपस्टिक नीट करून गेली. मी खोकलो, फडकं झटकलं, शेवटी "इकडून बी पाहा जी" असंही म्हणून बघितलं. लोक बघायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा उजवीकडे जायचे. जिंकलेला मी होतो.

त्यानंतर चंद्रपुरात काय बोलणं सुरू झालं ते तुला माहीत आहे. "करीमसारखा कारागीर नाही. चूक झाली त सरळ कबूल करते." म्हणजे माझ्या चुकीनं नाव तुझं मोठं झालं! माझी एवढी एक चूक होती, तीही तू नेलीस आणि तिच्यावर शाबासकी मिळवलीस. असा विचार करणारा माणूस कसा असेल? असा असतो, करीम. माझ्यासारखा दिसतो.

आणि पुढच्या वर्षी सेठजींनी गाडी तुझ्याकडे दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी. मला एकदाही निरोप नाही. तिसऱ्या वर्षी मी तुला चहाच्या टपरीवर गाठलं.

"जिंकलो म्या, अन् गाडी तुले काऊन?"

"सेठजीले विचार."

"तूच त्यायचे कान भरले."

तू बशी माझ्याकडे सरकवलीस. "चहा पी. थंडा होऊन राह्यला."

मी चहा रस्त्यावर ओतला. ज्यानं माझी लाज झाकली, त्याच्यावरच चुगलीचा आळ घेतला आणि वर चहा ओतला. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे रस्त्यात मान हलवणं. रोज सकाळी पन्नी हातात घालताना तुझी आठवण व्हायची, तेवढाच संबंध.

आता या आठ दिवसांचं सांगतो.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो. भाभी म्हणाल्या, "देवाभाऊ, तुमच्या दुकानापुढून जाताना ते स्कूटर हळू करत. घरी येऊन सांगत, आज देवानं पांढरी गाडी घासायला घेतली, आज निळी घेतली. म्या म्हणत होती, तुमाले काय करायचं? त म्हणत, पायतो, माझ्यापेक्षा चांगली त करून नाई राह्यला." एवढं बोलून त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावला. मला काय वाटलं सांगू? फार बरं वाटलं. तूही बघत होतास तर! घरी येईपर्यंत छाती फुगवून आलो, आणि दार लावून घेतल्यावर रडलो.

सेठजींनी मला मय्यतीतच गाठलं होतं. "गाडी नागपूरले न्यायची हाय देवाजी. अवंदा तू ये." आठ वर्षं या निरोपाची वाट बघितली होती, आणि तो तुझ्या कबरीवरची माती ओली असताना आला.

परवा वडशाला पोचलो. तीच शेड, तोच कोंडा. सेठजी आता काठी घेऊन चालतात. खुर्ची टाकून गाडीजवळ बसले. मी टपावरून पाणी सोडायला सुरुवात केली, मगाने, हळू. ते बघत राहिले आणि सहज बोलावं तसं बोलले.

"देवाजी, त्या डागाचं तुले काय वाटते, मले समजलं नाई का?"

माझा मग हातातच राहिला.

"तुझ्या लाल औषधाचे शिंतोडे काचेवर होते, डागाच्या चहूकडं होते. करीमचे हात त पांढरे. अन् मशीन तुझी. मी राईस मिल चालवतो बापा, डोळे विकून नाई खाल्ले."

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"बोलणार होतो. तू तोंड धुवाले गेला तवा करीमनं हात जोडले. म्हणे, सेठजी, देवाची मशीन नवीन हाय. तिनं गाडी जाळली हे चंद्रपूरले समजलं, त त्याच्या दारात कोनी गाडी नाई लावणार. माझं काई बिघडत नाई, माझं दुकान चालते." सेठजींनी काठी जमिनीवर टेकवली. "अन् दरसाली येऊन म्हणे, अवंदा देवाले बोलवा. मीच नाई बोलावलं. म्या म्हटलं, ज्या दिवशी देवाजी स्वतः येऊन सांगन, त्या दिवशी बोलावतो. तू आला नाई."

मी पाणी सोडत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आठ वर्षं मी समजत होतो की ती गोष्ट आपल्या दोघांतच आहे, आणि फक्त तुझ्यापुढं मला मान खाली घालावी लागते. सेठजींना पहिल्या तासापासून माहीत होतं. ते माझ्या तोंडून ऐकायला थांबले होते आणि तू माझी वकिली करत होतास. चहा ओतला तेव्हा एक शब्द बोलला असतास तर? मला गप्प करायला एकच शब्द पुरला असता. तुझ्या जागी मी असतो तर रस्त्यावर चारचौघांत ओरडून सांगितलं असतं. हेच तर जळवतं रे. हात माझे तुझ्यासारखे झाले असते कदाचित, आणखी दहा वर्षं घासून. हे कुठून आणायचं?

मी माझ्या स्वेटरची लोकर उसवली आणि दोरा ताणला, नाकापासून डिकीपर्यंत. धारेवर टेप लावली. मशीन बाहेर काढलीच नाही. डावी बाजू दोन दिवस हातानं घासली. तुझं पांढरं पॉलिश, भाभींनी दिलेली ओढणी. तू भरलेल्या डागावरून फक्त ओलं फडकं फिरवलं. बारकाईनं बघितलं तर जरा बसलाय तो, पण तुझं काम माझ्या हातानं उकरायची हिंमत झाली नाही. उजव्या बाजूला नुसतं पाणी मारलं आणि टिपून घेतलं. दसऱ्याला तू केलेली होती, तशीच ठेवली.

आज संध्याकाळी सेठजी आले, एक फेरी मारली.

"अर्धीच काऊन केली?"

"माझी अर्धीच हाय, सेठजी."

आम्ही दोघं गाडीच्या नाकासमोर उभे राहिलो. शेडची ट्यूबलाइट दोन्ही बाजूंत उतरली होती. मी उकिडवा बसून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं, पुन्हा उभा राहून बघितलं. दोन दिवसांचं माझं ताजं काम, तुझं दोन-अडीच महिन्यांपूर्वीचं. मला अजून जिंकायचं होतं, करीम. खोटं कशाला बोलू? तू नाहीस, बघणारा एकटा म्हातारा, एवढ्यात तरी जिंकावं.

"नागपूरले कोनी विचारलं का उजवी बाजू जास्त काऊन चमकते, त काय सांगू?" सेठजींनी विचारलं.

"सांगा, ते करीमची हाय. माझ्यापेक्षा चांगली हाय. आधी बी होती. अन् डाग कोनाचा विचारलं, त देवाजीचा म्हणून सांगा."

"हे त्याच्या तोंडावर बोलाले पायजे होतं."

"हो जी."

ते काठी टेकत घरी गेले. मी इथं शेडच्या पायरीवर बसून हे लिहितोय. उद्या सकाळी निघायचंय. सेठजी म्हणाले समोर बस, मी मागे बसणार आहे, उजवीकडे. निघताना दोरा काढावा लागेल. तोवर राहू दे.